साडेचार लाखांच्या आधी एक काचेची बरणी

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातली. घरीच पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आहेत. मिस्टर बोटीवर असतात, त्यामुळे गाडी मीच चालवते. २०१८ ची सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. सासऱ्यांना कराडला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट चुकत नाही. गणपतीनंतर त्रास सुरू झाला. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद गाडी हलत नाही, मग झटका देऊन मागे जाते. सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगात, रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. घाटात आरपीएम चढतो पण गाडी उचलत नाही. मागच्या खेपेला तर दिवा लागला आणि ती एकाच गिअरमध्ये अडकली. अर्धा तास थांबल्यावर पुन्हा नीट चालली. सर्व्हिस सेंटरने अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगून साडेचार लाखांचा अंदाज दिला, वर "ताई, चालवण्यामुळेच जातो असा" असंही ऐकवलं. गावचा मेकॅनिक म्हणतो, नुसतं ऑइल बदला. दीर म्हणतात, विकून मोकळी हो. गिअरबॉक्सचं ऑइल आजवर बदललेलं नाही, कारण ते आयुष्यभराचं असतं असं घेताना सांगितलं होतं. मे महिन्यात पाहुण्यांच्या हट्टाने गाडी समुद्रकाठच्या पुळणीत नेली आणि रुतली होती, ट्रॅक्टरने ओढून काढली. आषाढात एकदा चिपळूणहून येताना पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी रस्त्यावर आलं होतं, त्यातून हळूहळू काढली. इंजिन बंद पडलं नाही. मी नक्की काय करू?

उत्तर :

ताई,

आधी दोन गोष्टी, त्या आजपासूनच पाळा. त्या अंदाजपत्रकावर सही करू नका, आणि तपासणी होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. सासऱ्यांची पुढची कराडची खेप भाड्याच्या गाडीने करा. आजारी माणूस मागे बसलेला असताना पोफळीच्या वरच्या वळणांवर गाडी अडकणं परवडणारं नाही. शिवाय गिअरबॉक्समध्ये वाचवण्यासारखं काही उरलं असेल, तर ते अशा एका तापलेल्या चढणीतही संपू शकतं.

"चालवण्यामुळेच जातो" हे वाक्य मनातून काढून टाका. गाडी न उघडता, साधं तेलही न बघता असं बोलणाऱ्याने आपलं काम टाळलेलं असतं. समोर बाई उभी आहे म्हणून ते अधिक सहज बोललं जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि मला त्याची चीड येते. मॅन्युअल गाडीत चालक अर्ध्या क्लचवर गाडी धरून प्लेट जाळू शकतो. तुमच्या गाडीत पायाखाली क्लच नाहीच. आतल्या क्लच प्लेटा कधी धरायच्या आणि कधी सोडायच्या हे गिअरबॉक्सचा संगणक ठरवतो आणि तेलाच्या दाबाने ते घडवून आणतो. काही सवयींनी त्रास होतो हे खरं, त्याबद्दल पुढे लिहितो. पण तुमच्या पत्रात दिसणाऱ्या खुणा वेगळीकडे बोट दाखवतात.

तुम्ही पत्रात सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिलेली ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते : आषाढातलं पऱ्याचं पाणी.

का, ते समजायला गिअरबॉक्सच्या आत डोकवावं लागेल. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो. इंजिन त्यातलं तेल फिरवतं आणि ते फिरणारं तेल गिअरबॉक्सच्या दांड्याला फिरवतं. म्हणून तर ब्रेकवर पाय ठेवून गाडी डी मध्ये उभी राहते आणि बंद पडत नाही. पण इंजिन आणि दांडा यांच्या वेगात जितका फरक, तितकी ताकद नुसती तेल तापवण्यात जाते. ती वाया जाऊ नये म्हणून ठरावीक वेगाच्या पुढे कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना बांधून टाकतो. ५०-६० च्या वेगात, पाय हलकाच ठेवलेला असताना जी थरथर जाणवते, ती बहुतेक वेळा हा लॉकअप क्लच नीट न धरता घसरत असल्याची असते. घसरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तेलाचा गुण गेलेला असणं किंवा तेलात पाणी असणं.

हे तेल, म्हणजे एटीएफ, नुसतं वंगण नसतं. गिअर बदलायचा दाब तेच पोहोचवतं, उष्णता तेच वाहून नेतं, आणि क्लच प्लेटांनी किती घट्ट व किती अलगद धरायचं हे त्यात मिसळलेल्या रसायनांवर ठरतं. त्याचं चालू तापमान साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. १२० च्या वर ते गेलं की तेल झपाट्याने जुनं होतं. चिपळूण सोडून पोफळीपासून चढ लागला, सात माणसं आणि टपावर सामान असलं, पुढे उसाचा नाहीतर जांभ्याचा ट्रक दहाच्या वेगाने चाललेला असला, की लॉकअप सुटलेलाच राहतो आणि सगळी उष्णता तेलात उतरते. तेल फार तापलं की संगणक गिअरबॉक्स वाचवायला गाडी एकाच गिअरमध्ये रोखून धरतो. अर्धा तास थांबल्यावर गाडी सुधारली, याचा अर्थ त्या दिवशी तरी काहीतरी कायमचं तुटलेलं नव्हतं. तो दिवा गिअरबॉक्सने स्वतःला वाचवण्यासाठी लावलेला होता.

आता पाण्याकडे येऊ. गिअरबॉक्स पूर्ण हवाबंद नसतो. तापल्यावर आतली हवा फुगते, तिला वाट हवी म्हणून ब्रीदर नावाची बारीक नळी असते. चिपळूणहून तासभर चालून आलेला, तापलेला गिअरबॉक्स आषाढातल्या थंड पाण्यात एकदम बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, नाहीतर कडक झालेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. इंजिन बंद पडलं नाही म्हणून सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. इंजिन हवा वरून घेतं. गिअरबॉक्स त्याच्या कितीतरी खाली बसलेला असतो, आणि ब्रीदरचं तोंड किती उंचावर आहे हे प्रत्येक गाडीत वेगळं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हापासून पाण्यातून निघालेल्या गाडीचं इंजिन ऑइल बदलावं हे आपल्याकडे पोराटोरांना कळतं. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या आसावरचे गिअरचे डबे) यांचं ऑइलही त्याच दिवशी बघायला हवं, हे मात्र अजून अंगवळणी पडलेलं नाही.

एटीएफमध्ये थोडं पाणीसुद्धा वाईट. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं आणि लोखंडी प्लेटेवर चिकटवलेलं असतं. ते पाणी शोषून घेतं, फुगतं, चिकटपणा सुटतो आणि त्याचे तुकडे तेलात फिरू लागतात. हे एका दिवसात होत नाही. आषाढात पाणी शिरलं आणि गणपतीनंतर थरथर सुरू झाली, हा हिशोब जुळणारा आहे. तो खरा आहेच असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण तपासायला फारसा खर्च नाही, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

म्हणून एक स्वच्छ, कोरडी काचेची बरणी घेऊन चिपळूणला जा. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सची तेलपट्टी बहुधा नसेल. आजच्या बऱ्याच गाड्यांत नसते. तेल तपासायला गाडी लिफ्टवर समतल घ्यावी लागते, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघावं लागतं, आणि कंपनीने ठरवलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, बाजूचा बोल्ट उघडून पातळी पाहावी लागते. हे काम बोटाने अंदाज घेऊन होत नाही. ज्याच्याकडे लिफ्ट आणि गिअरबॉक्स वाचणारा स्कॅनर दोन्ही आहे अशाच ठिकाणी जा. ते कंपनीचंच सर्व्हिस सेंटर असलं पाहिजे असं नाही. पातळी कमी निघाली तर सकाळच्या रिव्हर्सच्या उशिराचं कारण तिथेच सापडेल, मग गळती कुठे आहे ते शोधायचं. आपल्याकडे खाऱ्या हवेने तेलाच्या कूलरकडे जाणारे लोखंडी पाइप आणि त्यांचे क्लिप गंजतात. तिथे तेल हळूहळू पाझरतं आणि खाली प्लास्टिकचं आवरण असलं तर जमिनीवर थेंबही दिसत नाही. ते आवरण काढायला सांगा.

मग खालच्या बोल्टातून कपभर तेल बरणीत घ्या आणि उजेडात धरा.

लालसर किंवा तपकिरी, पण पारदर्शक, जळका वास नाही : सर्वांत चांगली बातमी. तेल जुनं झालं आहे, एवढंच.

काळं, जळका वास येणारं : प्लेटा घसरून तापल्या आहेत. किती झिजल्या ते चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उघडल्यावर कळेल. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यांवर करडा, मऊ, बारीक गाळ असला तर या किलोमीटरला तो असणारच, घाबरू नका. चिमटीत धरता येतील असे लोखंडाचे कण, पितळी चकाकी किंवा काळ्या अस्तराचे तुकडे असतील तर आतलं काम निघालं.

आणि गुलाबी, दुधाळ, सोलकढीसारखं : तेलात पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे. रंगावरून शंका राहिली तर मेकॅनिकला तापलेल्या लोखंडी पट्टीवर दोन थेंब टाकायला सांगा, चष्मा लावून. तडतडलं तर पाणी आहेच.

दुधाळ निघालं तर तिथून गाडी चालवत घरी आणू नका. पुढचा प्रश्न, ते आलं कुठून. बऱ्याच गाड्यांत एटीएफ थंड करायची नळी रेडिएटरच्याच पोटातून जाते, किंवा गिअरबॉक्सला लागून कूलंटवर चालणारा छोटा कूलर असतो. तो आतून फुटला की कूलंट थेट तेलात उतरतं. तेव्हा कूलंटची बाटली आठवून पाहा. गेल्या काही महिन्यांत ती भरावी लागली का? बाटलीत तेलाचा तवंग दिसतो का? कूलंट जागच्या जागी असेल तर दोष पऱ्याच्या पाण्याचा धरा. कूलंट कमी होत असेल तर कूलर बदलल्याशिवाय गिअरबॉक्सवर एक रुपया खर्च करू नका, नाहीतर नव्या गिअरबॉक्सचीही तीच गत होईल. अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणणाऱ्या सर्व्हिस सेंटरला हा एक प्रश्न जरूर विचारा : कूलर तपासला का, आणि कसा? उत्तर गोलमोल आलं तर ते साडेचार लाख बुडण्याची भीती आहे.

तेल तपासतानाच स्कॅनर लावून घ्या, आणि त्यात दिसणारे बिघाडाचे कोड पुसायच्या आधी स्क्रीनचे फोटो काढा. हे हट्टाने करा, कारण कोड पुसले की गाडीने लिहून ठेवलेला पुरावा जातो. पी ०७०० एवढाच कोड दाखवून कुणी गिअरबॉक्स गेला म्हणालं तर ऐकू नका. त्या कोडचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या संगणकात आणखी कोड साठले आहेत, ते उघडून बघा. पी ०७४१ लॉकअपकडे बोट दाखवतो, पी ०२१८ तेल फार तापल्याचं सांगतो, पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७१५ आणि पी ०७२० वेग मोजणाऱ्या सेन्सरचे. शेवटचे दोन निघाले तर आधी वायरिंग तपासा. कोकणातल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर आणि खाऱ्या हवेने हिरवा पडलेला, वायरी जोडणारा कपलर ही दुर्मीळ कारणं नाहीत, आणि त्यांची दुरुस्ती शेकड्यांत होते. बॅटरीही मोजून घ्या. व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा संगणक नसलेले दोष नोंदवतो. गाडी उभी असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

आता तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं. नुसतं ऑइल बदला, हे चुकीचं नाही, अपुरं आहे. तेल पारदर्शक निघालं आणि चुंबकावर नुसताच बारीक गाळ असला, तर ऑइल आणि फिल्टर बदलणं हाच पहिला उपाय, आणि त्याने थरथर थांबण्याची चांगली शक्यता आहे. पण एकदा बोल्ट उघडून जेवढं तेल निघतं ते साधारण अर्धंच असतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतं. म्हणून एकदा बदला, काही शे किलोमीटर सपाटीवर चालवा, पुन्हा बदला. यंत्र लावून जोराच्या दाबाने आतून धुणारे असतात, त्यात औषधही घालतात. इतकी वर्षं न बदललेल्या तेलावर मी ते करू देणार नाही. तळाशी बसलेला गाळ उठून तेलाचा दाब वाटणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकायला नको.

तेल कोणतं, हे मात्र मेकॅनिकच्या मर्जीवर सोडू नका. गाडीच्या पुस्तकात त्याचं नेमकं मानक लिहिलेलं असतं आणि डब्यावर तेच लिहिलेलं हवं. बहुतेक एटीएफ लाल दिसतं म्हणून ते सारखं नसतं. पातळ तेलासाठी बनवलेल्या गिअरबॉक्समध्ये जुन्या मानकाचं जाड तेल घातलं तर दाब, गिअर बदलणं, लॉकअप, सगळंच बिघडतं. डबे तुमच्यासमोर फुटू द्या. तेल बदलल्यावर गिअरबॉक्सच्या संगणकाने आजवर शिकलेल्या जुन्या सवयी स्कॅनरने पुसून नव्याने शिकवाव्या लागू शकतात. कंपनीची पद्धत तशी असेल तर तेही करून घ्या, नाहीतर चांगलं काम होऊनही झटके राहतात.

आयुष्यभराचं तेल या सांगण्यावर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी जगभरच्या मोटारींसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. तिची स्वतःची शिफारस ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं यांत तेल बदलण्याची आहे. तुमचा गिअरबॉक्स त्यांचाच असेल असं नाही, पण बनवणाराच असं म्हणत असेल तर घाट, उकाडा आणि भरलेली गाडी असं जिणं असलेल्या कोकणातल्या गाडीने ८० हजारांच्याही आधी तेल बदलावं. मी ६० हजारांचा आकडा सांगतो.

तेल दुधाळ किंवा काळं निघालं, चुंबकावर तुकडे दिसले, तर मात्र तुम्हाला खोटी आशा देणार नाही. पाणी शिरल्याच्या आठवड्यात तेल दोन-तीनदा बदललं असतं तर बहुधा निभावलं असतं. एवढे महिने चालवल्यावर अस्तरात मुरलेलं पाणी तेल बदलून निघत नाही. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. पण उघडणं आणि अख्खा बदलणं यांत फार अंतर आहे. क्लच प्लेटा, सगळी सीलं आणि पॅकिंग, फिल्टर आणि टॉर्क कन्व्हर्टर नवा किंवा उघडून दुरुस्त केलेला, व्हॉल्व्ह बॉडी साफ करून तपासलेली, कूलर आणि त्याचे पाइप धुतलेले किंवा बदललेले, इतकं काम बहुतेक वेळा पुरतं. गिअर आणि कवच सहसा शाबूत असतात. हे काम करणारे खास गिअरबॉक्सवाले मुंबई-पुण्यात आहेत, कोल्हापूरकडेही चौकशी करा. खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, पण नव्या गिअरबॉक्सहून बराच कमी. जुना कन्व्हर्टर तसाच लावणारा स्वस्तात करून देईल, त्याच्याकडे देऊ नका. सगळी घाण कन्व्हर्टरच्या पोटातच राहिलेली असते आणि पुन्हा गिअरबॉक्समध्ये येते. अंदाज लेखी घ्या, कोणते भाग बदलणार ते त्यात असू द्या, किती महिन्यांची हमी ते लिहून घ्या, आणि काढलेले जुने भाग परत मागा. अपघातातल्या गाडीचा जुना गिअरबॉक्स बसवून देतो असं कुणी म्हणालं, तर तो किती चालला आणि कुठल्या पाण्यातून आला हे कागदावर सिद्ध करता येत नसेल तर नको म्हणा.

गाडी हलवायची वेळ आली तर टोचन करून नेऊ देऊ नका. तुमच्या गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी दोराने ओढली की चाकं आतले भाग कोरडेच फिरवत राहतात. गुहागरहून चिपळूणपर्यंत असं ओढत नेलं तर उरलेलं कामही पूर्ण होईल. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच मागवा. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय असेल तर आधी तिथे फोन करा आणि गाडी फोर बाय फोर ऑटोमॅटिक आहे हे सुरुवातीलाच सांगा. मे महिन्यात ट्रॅक्टरने पुळणीतून काही मीटर ओढलं त्याने फारसं बिघडलं नसेल. त्याआधी रुतलेल्या गाडीत डी आणि आर मध्ये उलटसुलट टाकून रेस दिली असेल तर मात्र तेल नक्कीच भाजलं असणार. चाकं जागच्या जागी फिरतात तेव्हा हवा लागत नाही आणि तेल घाटापेक्षाही लवकर तापतं. पाहुण्यांना यापुढे स्पष्ट नाही म्हणा. गिअरबॉक्सचं कारण पुरेसं आहेच, पण गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ती घरटी त्याच वाळूत असतात. चाकाखाली एक घरटं गेलं तर ते कुणालाही भरून देता येणार नाही.

आता सवयी. गाडी दुरुस्त झाल्यावर घाट चढताना डी वर सोडून देऊ नका. मॅन्युअल बाजूला घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. आरपीएम थोडा जास्त राहील, आवाज येईल, पण कन्व्हर्टर कमी घसरतो आणि तेल कमी तापतं. ट्रकमागे अडकून चढावर थांबावं लागलं तर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक लावा. उतरताना न्यूट्रल कधीच नाही. खालचा गिअर घ्या, ब्रेकही वाचतील. अंगणात गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आर वरून डी वर जाऊ नका. घराकडच्या घाटीत उभी करताना क्रम असा : पायाचा ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक दाबून मग पी. सरळ पी मध्ये टाकलं की अडीच टनांची गाडी एका छोट्या खिळीवर लटकते. आंब्याच्या दिवसांत जांभ्याच्या रस्त्यांवर फिरता, तेव्हा ती लाल धूळ रेडिएटर आणि कूलरच्या पापुद्र्यांत बसते. मे अखेरीस आतून बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने धुऊन घ्या. आणि पावसाळ्यात रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. जावंच लागलं, तर दुसऱ्याच दिवशी सगळी तेलं बघा.

पैशांबद्दल. गाडीची मूळ हमी संपली असणार, पण घेताना वाढीव हमी घेतली होती का ते कागद शोधा. विम्यात इंजिन संरक्षणाचं जोडकलम असेल तर बऱ्याच पॉलिसींत पाण्याने बिघडलेला गिअरबॉक्सही त्यात धरतात. नसेल तर साधी पॉलिसी अशी हानी सहसा देत नाही. आषाढातल्या घटनेची खबर वेळेत दिलेली नाही, म्हणून हा दावा अवघड जाईल, तरी पॉलिसीची भाषा एकदा वाचा. सर्व्हिस सेंटरने तपासणी न करता अंदाज दिला, म्हणून आजच भांडायची गरज नाही. त्यांना ईमेलने विचारा : कोणते कोड निघाले, तेलाची पातळी आणि स्थिती काय होती, कूलर तपासला का, अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचं कारण काय. ईमेलच करा, फोन नको. सेवेत खोट असल्याचं पुढे सिद्ध करायची वेळ आली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पुष्कळदा कंपनी तिथेच उत्तर देते.

राहिलं दिरांचं म्हणणं. बरणीतलं तेल बघितल्याशिवाय विकू नका, कारण आज कोणीही घेणारा गिअरबॉक्स गेला असंच धरून भाव पाडणार. नुसत्या तेलाचा प्रश्न निघाला तर काही हजारांत गाडी सुधारेल आणि आणखी बरीच वर्षं चालेल. उघडायचं काम निघालं तर दोन लेखी अंदाज समोर ठेवा, तेवढ्याच पैशांत या रस्त्यांना चालणारी दुसरी कोणती गाडी मिळते ते पाहा आणि मिस्टरांशी बोलून ठरवा. विकायचं ठरलं तर घेणाऱ्याला स्कॅनरचे फोटो दाखवा आणि पाण्यातून गेल्याचं सांगा. तोही कुणाला तरी बसवून याच घाटाने जाणार आहे.

तेलाचा आणि चुंबकाचा फोटो, कोडची यादी आणि कूलंटच्या बाटलीची पातळी मला पाठवा. लेखी अंदाज आले तर तेही पाठवा. त्यात काय हवं आणि काय नको ते खुणा करून परत देईन.